पाण्याचा पूल आणि नवी पाटी

पाण्याचा पूल पाहायला मी आणि माझी नणंद सकाळी पोहोचलो. दोन टेकड्यांमध्ये उंच कमानींवरून नेलेला हा दगडी पाट. आता त्यातून नुसता वारा वाहतो. खालून चालताना उन्हाचे पट्टे अंगावरून सरकत होते. वाटे, आपण जागीच आहोत, पूलच कुठेतरी निघाला आहे.

सरकारी वाटाड्या साठीला टेकलेला, कडक इस्त्रीच्या शर्टातला. खांबाखांबाला तळहात लावत तो पुढे जाई. "हा अकरावा गाळा. इथला दगड भर दुपारीही गार." खरंच गार होता.

"वहिनी, तू बघायला आलीस की वही भरायला?" नणंद म्हणाली. दिसेल ती पाटी मी उतरवून घेते. शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय.

पुलाच्या टोकाशी जुन्या गव्हर्नरचा बंगला. तिथली पाटी वाटाड्याने खणखणीत वाचली: गव्हर्नरने पूल बांधला आणि शहराला पाणी दिलं. लिहिता लिहिता मी अडले. पाटीवर होतं, पूल तीनशे गवंड्यांनी बांधला आणि पहिली दहा वर्षं पाणी फक्त बंगल्याला मिळालं.

"पाटी बदललीय," मी हळूच म्हटलं.

त्याने पाटीवरून बोटं फिरवली. मग म्हणाला, "रंगाचा वास आला होता. मला वाटलं, कुंपण रंगवलं." आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "उजेड तेवढा दिसतो, ताई. अक्षर नाही. आज अकराला ऑफिसचे तपासनीस येणार, माझं बोलणं ऐकायला. कळलं तर घरी बसवतील."

नणंदेने घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं आहेत. वहिनी, वाच. तुझी वही एकदाची कामाला तरी येऊ दे."

मी वाचत गेले, तो मागून म्हणत गेला. 'गवंड्यांनी'पाशी तो हसला. "माझे पणजोबा त्यातलेच. त्यांची आठवण पाटीवर आली, तेव्हा मला ती वाचता येईना."

तपासनीस आले, हातात कागद घेऊन. वाटाड्या पाटीसमोर उभा राहिला आणि एकही शब्द न चुकता बोलला. फक्त एक शब्द जास्तीचा.

"पाटीवर 'गवंड्यांनी' आहे," तपासनीस म्हणाले. "तुम्ही 'आमच्या गवंड्यांनी' म्हणालात."

"हो," तो म्हणाला.

तपासनिसांनी पेन उचललं, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "असू दे. पुढच्या वेळीही तसंच म्हणा."