मधली फ्रेम

"बघितलं तेवढं दिलं." कुणी निर्णयावरून हुज्जत घालायला आलं की काका एवढंच म्हणायचे आणि एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचे. सहा चेंडूंचे सहा चिंचोके. डोंबिवलीत टेनिस बॉलच्या स्पर्धा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना असा एखादा अंपायर आठवेलच.

आठवडाभर ते एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत असायचे, त्यामुळे नखं कायमची निळी. रविवारी कडक इस्त्रीची पांढरी टोपी घालून मैदानात यायचे. ते निळं बोट वर गेलं की फलंदाज मुकाट चालू लागायचा.

एकदा शहाडच्या एका फलंदाजाला त्यांनी कॅच आउट दिलं. चेंडू बॅटला लागलाच नव्हता, हे मॅच संपल्यावर विकेटकीपरच हसत हसत बोलून गेला. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी काका शहाडला त्या माणसाच्या दारात. "काल मी चुकलो," म्हणाले, आणि चहा न घेता परत फिरले. आम्ही वर्षभर त्यांना 'घरपोच अंपायर' म्हणून चिडवलं. तेही हसायचे.

मी तेव्हा या स्पर्धांचं शूटिंग करायचो. रनआउटसाठी बाजूला एक कॅमेरा लावलेला. त्याचं स्लो मोशन दोन ठिकाणी रेकॉर्ड व्हायचं. कॅमेऱ्याच्या आतल्या कार्डावर सेकंदाला शंभर फ्रेम, पण फाइल इतकी आवळलेली की माझ्या लॅपटॉपवर रखडत चालायची. वायरने जोडलेल्या बाहेरच्या रेकॉर्डरवर पन्नासच फ्रेम, पण चित्र लोण्यासारखं आणि बटण दाबलं की लगेच मोठ्या पडद्यावर. रेकॉर्डर नवाकोरा होता. त्याच्या रिप्लेखाली माझ्या स्टुडिओचं नाव झळकायचं. मग काय, रिप्ले बाहेरचाच दाखवायचा, असं मीच आयोजकांच्या गळी उतरवलं.

फायनलच्या आधी काका माझ्या टेबलाशी आले. चष्मा पुसत विचारलं, "अरे, या दोन्हींत जास्त बघतं कोण?"

"बाहेरचा, काका," मी म्हणालो.

खोटं होतं ते. दुप्पट फ्रेमवालं आतलं कार्डच जास्त बघतं, हे मला पक्कं माहीत होतं. पण फ्रेमचं गणित कोण समजावत बसणार, आणि समजावलं असतं तर काकांनी रखडणारी फाइलच मागितली असती.

शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. दुसऱ्या धावेला माजिवड्याच्या टीमच्या फील्डरने लांबून फेकलेला चेंडू थेट स्टंपवर बसला. हा फील्डर दिवसभर गॅरेजमध्ये पाने फिरवणारा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा फायनल खेळत होता. काकांनी क्षणात बोट वर केलं. बॅटिंग करणाऱ्या टीमच्या कॅप्टनने रिप्ले मागितला. पडद्यावर एका फ्रेममध्ये स्टंपवरची बेल जागेवर आणि बॅट रेषेबाहेर, पुढच्या फ्रेममध्ये बेल उडालेली आणि बॅट आत. मधलं काहीच नाही. शंकेचा फायदा फलंदाजाला. काकांनी आपलाच निर्णय फिरवला आणि माजिवडा हरलं. "चष्मा बदला, काका!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान हसलं. मीही हसलो.

घरी जाऊन कार्ड उघडलं. मधली फ्रेम होती. बेल उडालेली आणि बॅट रेषेच्या दोन बोटं बाहेर. स्वच्छ आउट.

मी लॅपटॉप बंद केला. उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला. काकांनी डोळे तपासून घेतल्याचं कानावर आलं; नंबर तोच निघाला, तरी त्यांनी अंपायरिंग सोडलं. "आता दिसत नाही रे नीट," असं सगळ्यांना सांगायचे. भाजी घेताना समोर आले की मी गल्ली बदलायचो. लाज वाटायची, पण रेकॉर्डरची बदनामी नको, हा विचार लाजेपेक्षा मोठा होता. असा मी माणूस.

दोन वर्षांनी धीर झाला. एका रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो, फ्रेम दाखवली आणि सगळं कबूल केलं, त्या खोट्यासकट. शिव्या खायच्या तयारीनेच गेलेलो. काकांनी चष्मा पुसला आणि लॅपटॉप जवळ ओढला.

मग म्हणाले, "त्या गॅरेजवाल्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी माझ्याकडे कशाला आलास?"

एवढंच. उठले, टोपी घातली. तासाभरात आम्ही माजिवड्याला त्याच्या गॅरेजमध्ये होतो. त्याने काळे हात फडक्याला पुसले आणि फ्रेम बघितली. पुन्हा बघितली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका बोलले.

"तुझा थ्रो बरोबर होता. सांगायला आमच्याकडून उशीर झाला."

आमच्याकडून! त्यांना कळून तासच झाला होता. दोन वर्षं माझी होती. मी तेव्हाही म्हणालो नाही, की काका, तुमच्याकडून नाही, माझ्याकडून. खाली मान घालून लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिलो.

पुढच्या वर्षी काका रिटायर होऊन कोकणात गावी गेले. हल्ली मी रिप्ले आतल्या कार्डावरूनच दाखवतो. फाइल रखडते, पब्लिक बोंबलतं. परवा नव्या अंपायरने विचारलं, यात सगळं दिसतं ना? मी हो म्हणालो, आणि त्याच्या बोटांकडे बघितलं. नखं स्वच्छ होती, निळा ठिपकाही नव्हता.