मंजूनं धरलेली चूक

मानवतला मावशीकडे होते, तेव्हा मंजूच्या भावाचा फोन आला. "ताई गेली..." एवढंच बोलला. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. आदल्याच दिवशी परभणीच्या आमच्या ऑफिसात ती खुर्चीवर मांडी घालून मला काहीतरी तावातावानं समजावत होती. काही आठवडे झाले, पण मला ती अजून तशीच दिसते, उत्साहानं उतू जाणारी.

आम्ही दोघी इंजिनिअरिंगला एकत्र. पुण्यातल्या नोकऱ्या सोडून परतलो आणि दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायला लागलो. डोळ्यांच्या एका दवाखान्यात आमच्या सॉफ्टवेअरचा पडदा, म्हणजे भिंतीवरचा स्क्रीन, लागला होता. पेशंटचं नाव आणि कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन, ते त्यावर दिसायचं. एके दुपारी तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "चारठाण्याच्या आजींचा उजवा डोळा करायचाय, तुमचा पडदा डावा दाखवायलाय! मी केसपेपर बघितला म्हणून बरं." मंजूनं आधी पडदा बंद करायला लावला, मग बाह्या सरसावल्या.

वेग यावा म्हणून आम्ही कॉम्प्युटरच्या मेमरीचा एक मोठा तुकडा एकदाच मागून घ्यायचो आणि त्यातले छोटे कप्पे पेशंटच्या एकेका नोंदीला आमचे आम्हीच वाटायचो. त्याला इंग्रजीत 'पूल' म्हणतात. मेमरीतल्या चुका पकडणारं तपासणीचं साधन चालवलं, तर ते म्हणे सगळं ठीक! मी रडकुंडीला आले. मंजू ताडकन उठली. "अगं, त्याला काय दिसणार? त्याच्या लेखी अख्खा तुकडा एकच, अन् वापरात. आतला कुठला कप्पा रिकामा झाला, ते आपण त्याला सांगितलंच न्हाई!"

मग रिकामा होऊन परत आलेल्या प्रत्येक कप्प्यावर 'हात लावायची मनाई' अशी खूण तिनं त्या साधनाला कळवली. चालवलं... तरी काहीच सापडेना. ती येरझाऱ्या घालायला लागली आणि एकदम ओरडली, "लय शहाण्या हाव आपण! कप्पा रिकामा झाला की लगेच दुसऱ्याला देतोय. खूण राहील कशी?" परत आलेले कप्पे तिनं काही वेळ बाजूला राखून ठेवले. पुन्हा चालवलं, आणि स्क्रीन लाल! प्रोग्राममधली नेमकी चुकीची ओळ हाती आली. पेशंटचा नंबर पुढे ढकलला की त्याच्या डोळ्याची नोंद नव्या कप्प्यात जायची. पडदा मात्र जुन्याच कप्प्यातून वाचायचा, आणि तिथे तोवर दुसऱ्याचा डोळा येऊन बसलेला! मंजूनं मला गरागरा फिरवलं, खालच्या रसवंतीवाल्यांनाही वर बोलावलं. "बघा मामा, धरली चूक!" त्यांना ओ की ठो कळलं नाही, पण तेही हसायला लागले.

आजींचं ऑपरेशन उजव्याच डोळ्याचं झालं. दुरुस्त केलेला पडदा पुन्हा लागला.

ती तपासणी आम्ही पुढे प्रत्येक कामाला लावली. चूक निघाली की दिसणारा इशारा मंजूनं आपल्या बोलीत लिहून ठेवलाय. परवा, ती गेल्यावर पहिल्यांदाच, माझ्या कामात चूक निघाली. स्क्रीनवर ओळ आली, "थांब बाई, ही जागा आता तुझी न्हाई."

चूक कुठं आहे ते मला लगेच कळलं होतं. तरी बराच वेळ मी ती दुरुस्त केली नाही... ओळ तशीच राहू दिली.