सुईबाई काचेबाहेर बसल्या तो दिवस

गल्लीत त्यांना सगळे सुईबाई म्हणत. पंचवीस वर्षं त्या लोकांचे कपडे शिवत, उसवत, सैल-घट्ट करत आल्या होत्या, म्हणून हे नाव. आणि जिथे फट दिसेल तिथे त्या शिरत, म्हणूनही. एकुलत्या एक लेकीच्या बाबतीत तर त्या फटीची वाटही बघत नसत. तिचे निबंध त्यांनीच लिहिले, मैत्रिणी त्यांनीच निवडल्या, केस किती कापायचे तेही त्याच सांगत.

"अगं, तेवीस वर्षांची झाली ती," नवरा म्हणायचा. "किती दिवस तुझ्या ओंजळीनं पाणी पिणार?"

"माझी ओंजळ स्वच्छ आहे," बाई म्हणायच्या. विषय संपला.

अशात लेकीला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. नकली दात तयार करायची कार्यशाळा होती. "दारापर्यंतच येते," म्हणत बाई निघाल्या, आणि दार आल्यावर लेकीच्या आधी आत शिरून खुर्ची ओढून बसल्याही.

मालक सत्तरीचा, चष्म्यावर प्लॅस्टरचे शिंतोडे. मागच्या फळीवर पांढरे जबडे ओळीनं मांडलेले.

"हे काम का करावंसं वाटतं तुला?" त्यानं लेकीला विचारलं.

"लहानपणापासून बारीक कामाची आवड आहे तिला," बाई म्हणाल्या.

"कधी उशिरापर्यंत थांबावं लागलं तर?"

"सातच्या आत घरी हवी."

"बरं, चहा घेणार?"

"ती चहा घेत नाही."

"घेते," लेक पुटपुटली. बाईंना ते ऐकू गेलं नाही. म्हाताऱ्याला गेलं.

"बाई," तो गंभीरपणे म्हणाला, "तुमची मुलाखत झकास झाली. पण जागा एकच आहे. कामावर तुम्ही येताय, की ही?"

आतले कारागीर खो खो हसले. बाईंचे कान लाल झाले. म्हाताऱ्यानं लेकीपुढे मेणाचा तुकडा, बारीक सुरी आणि नमुन्याची एक दाढ ठेवली. "अशीच दुसरी कोर. अर्धा तास घे. आणि बाई, तुम्ही जरा काचेपलीकडे बसा."

काचेबाहेरूनही बाईंचं चालूच होतं. 'पाठ सरळ ठेव,' त्या हातवारे करून सांगत होत्या. लेकीचं लक्षच नव्हतं. मग बाईंची नजर सुरीवर गेली. सुरी डाव्या हातात होती.

चार वर्षांची असताना ही पोर डाव्या हातानं लिहायची. बाईंनी दोन वर्षं खपून ती सवय सोडवली होती. अक्षर मग कायमचं कोंबडीच्या पायांसारखं झालं आणि निबंध आईकडे आले. आज तोच डावा हात पाण्यातल्या माशासारखा चालला होता. मेणाचे कपटे भुरुभुरु गळत होते आणि लेक स्वतःशीच गुणगुणत होती. इतकी मोकळी तिला बाईंनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांचा उचललेला हात आपोआप मांडीवर आला.

म्हाताऱ्यानं दाढ उजेडात धरली. "अक्रोड फोडेल ही," तो म्हणाला. नोकरी पक्की झाली.

रस्त्यात बाईंनी विचारलं, "डाव्या हातानं कधीपासून करतेस?"

"तू नसतेस तेव्हा."

बाई भर फुटपाथवर थांबल्या. "चुकलं गं माझं. फारच केलं मी."

"आई, रस्त्यात रडू नकोस."

"आणि तो चहा?"

"त्याला चार वर्षं झाली."

रडता रडता बाईंना असं हसू फुटलं की येणारे-जाणारे वळून बघायला लागले. दोघी कोपऱ्यावरच्या टपरीवर गेल्या. 'साखर कमी' हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते, ते त्यांनी चहाबरोबर गिळले.

जित्याची खोड एका दिवसात कशी जाणार? तिसऱ्याच दिवशी बाईंनी कार्यशाळेत फोन लावला. "लेक जेवली, बाई," म्हातारा 'हॅलो'च्या आधीच म्हणाला. "राँग नंबर," म्हणून बाईंनी फोन ठेवला. पुन्हा मात्र कधी केला नाही. पुढे लेकीनं कामाजवळ खोली घेतली. बाईंनी हूं की चूं केलं नाही; फक्त दोन दिवस शिवणयंत्र जरा जोरात चाललं.

एका रविवारी लेकीचा फोन आला. "आई, खिडकीला पडदे शिवून देशील? मापं मी घेतलीत."

मापं ऐकताच बाईंच्या लक्षात आलं, हिनं दुमडीचं कापड धरलेलंच नाही, कमी पडणार. तरी लेकीनं सांगितलं तसेच त्यांनी शिवले. लावल्यावर पडदे खालून वीतभर आखूड.

"तुला कळलं होतं?" लेकीनं विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

लेक पोट धरून जमिनीवरच बसली. "अगं, इतकं पण नको, आई! मधलं काहीतरी शीक की!"

"शिकतेय," बाई म्हणाल्या आणि तिच्याशेजारी बसल्या. पडद्याखालून ऊन आत येऊन दोघींच्या पायांवर पडलं होतं. पडदे तसेच राहू द्यायचे, हे लेकीनं ठरवलं.