इतिहास-भूगोलाच्या लोखंडे बाई

लोखंडे बाई नकाशा भिंतीवर टांगत नसत. जिल्ह्याचा कापडी नकाशा त्या वर्गाच्या मधोमध जमिनीवर पसरत, आम्हाला चपला बाहेर काढायला लावत आणि भोवती बसवत. बसवण्याआधी नकाशा गोल फिरवून त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला लावून घेत. "भिंतीवर टांगला की मुलांना वाटतं, उत्तर म्हणजे वर," त्या म्हणत. "उत्तर वर नसते. उत्तर शेवगावकडे असते." पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावाहून शेवगाव खरोखरच उत्तरेला होतं, त्यामुळे ते वाक्य आम्ही कधी विसरलो नाही. एकदा तपासणीला आलेले साहेब नकाशावर पाय पडेल म्हणून दारातच अडखळले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "गोदावरीच्या बाजूनं या साहेब, तिकडं जागा आहे." साहेब निमूटपणे गोदावरीच्या बाजूनं आले.

बाई नगरच्या. वडील रेल्वेत गँगमन होते. घर बौद्ध. पाच भावंडांत पदवीपर्यंत पोचलेल्या त्या एकट्या. आमच्या हायस्कुलात नेमणूक झाली तेव्हा त्यांनी गावात खोली शोधली, पण जिथं विचारावं तिथली खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली असे. शेवटी हेडमास्तरांनी शाळेच्या मागची, जुनी बाकं ठेवायची खोली त्यांना मोकळी करून दिली. कुणी त्याबद्दल हळहळलं की बाई म्हणत, "बरंच झालं. शाळेला उशीर व्हायचा प्रश्न मिटला." त्यात राग होता की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, होता. फक्त त्या तो आम्हा मुलांसमोर काढत नसत.

तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती आणि वरच्या वर्गांत काही विषय आपले आपण निवडायचे असत. आमच्या शाळेत हुशार समजली जाणारी मुलं शास्त्राकडे जात आणि मुली झाडून साऱ्या गृहशास्त्राकडे. इतिहास-भूगोल उरलेल्यांसाठी. मला मात्र भूगोल हवा होता. वडील म्हणाले, "पोरीच्या जातीला भूगोल कशाला? तू कुठं जानार हाय?" बाई संध्याकाळी आमच्या घरी आल्या आणि ओट्यावर बसून वडिलांना म्हणाल्या, "कुठं जाणार ते तिलाही माहीत नाही. म्हणूनच रस्ते माहीत असू द्या." वडिलांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी अर्जावर सही केली. अशी दारोदार फिरून बाईंनी दहा नावं गोळा केली. दहापेक्षा कमी मुलं असतील तर वर्ग चालवायचा नाही, असा आमच्या संस्थेचा नियम होता.

त्या दहांतली सगळ्यात तयार मुलगी चंद्रा. तिचे आईबाप दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात. लहानपणापासून तीही त्यांच्याबरोबर बैलगाडीमागून चालत गेलेली, त्यामुळे जिल्हा तिच्या पायाखालचा होता. बाईंनी मुळा नदी विचारली की आम्ही नकाशावर बोट फिरवत बसायचो. चंद्रा सांगायची, "बाई, तिथं आमी दोन दिस मुक्काम केलता. पानी गोड हाय, पर उतार निसरडा हाय." बाई हातातली पट्टी खाली ठेवून ऐकत. मग आम्हाला म्हणत, "पुस्तकात एवढंच आहे की मुळा प्रवरेला मिळते. निसरड्या उताराचं तिच्याकडून लिहून घ्या."

दिवाळीची सुट्टी संपली आणि चंद्रा आलीच नाही. त्या वर्षी तिच्या आईला तान्हं मूल होतं. ते सांभाळायला आणि भाकरी थापायला आईबाप तिला घेऊन गेले होते. वर्गात नऊजण उरले. हेडमास्तर काही वाईट माणूस नव्हते, पण संस्थेचं पत्र त्यांच्या टेबलावर येऊन पडलं होतं. ते बाईंना म्हणाले, "सोमवारी हजेरीपट पाठवायचा आहे. दहा नसतील तर मुलं दुसऱ्या विषयांत वाटून टाकू." म्हणजे मी गृहशास्त्रात जाणार होते. मला रडू आलं. बाई म्हणाल्या, "रडू नकोस. ऊसतोडीची टोळी कुठं गेलीय ते विचारून ये."

टोळी कोल्हारकडे होती. रविवारी पहाटेच्या एस.टी.नं आम्ही नगरला आणि तिथून मनमाडच्या गाडीनं कोल्हारला गेलो. चंद्रानं आपलं नाव आपणच दिलं होतं आणि बाईंना तिचे आईबाप ओळखत नव्हते, म्हणून मला बरोबर घेतलं होतं. त्या रस्त्यानं मी पहिल्यांदाच जात होते. राहुरीच्या पुढे दोन्ही बाजूंनी हिरवा ऊस लागला तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले. आमच्याकडची करडी, उघडी जमीन आणि ही जमीन एकाच जिल्ह्यात होती, यावर माझा विश्वास बसेना. बाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी तरी दहा पोरं हवीत."

प्रवरेकाठी पाचटाच्या कोप्यांची, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्यांची, रांग होती. त्यातल्या एकीपुढे चंद्रा मांडीवर भाऊ घेऊन बसली होती. आम्हाला बघून ती आधी हसली आणि मग उगाचच उठून आत गेली. दुपारी तिचे आईबाप उसाच्या फडातून आले. बाईंनी सगळं सरळ सांगितलं: वर्ग बंद पडतोय, चंद्रा हुशार आहे, मार्चपर्यंत ती माझ्याकडे राहील.

चंद्राच्या वडिलांनी हातातला कोयता खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमच्याकडं म्हंजे कुठं?"

"शाळेमागच्या खोलीत. आणि आधीच सांगते, मी बौद्ध आहे. नंतर कुणीतरी सांगण्यापेक्षा आत्ता ऐकलेलं बरं."

वडिलांनी बायकोकडे पाहिलं. "ती तिची भाकर सोता थापील," ते म्हणाले.

"थापू दे की," बाई म्हणाल्या. "मलाही एक दे म्हणावं. माझ्या भाकरी फुगत नाहीत."

कोपीतून चंद्राचं हसू ऐकू आलं. पण तिची आई हसली नाही. तिनं मूल छातीशी घेतलं आणि विचारलं, "बाई, समदं खरं. पर मी फडात गेल्यावर ह्येला कोन बघंल?"

बाईंनी पिशवी खांद्याला लावली. मला वाटलं, आता आपण रिकाम्या हातानं परत जाणार. शेवटी आईच म्हणाली, "बांधावर झोळी बांधीन. रडला तर रडंल. घिऊन जावा तिला." आणि चंद्राचं लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं तिनं स्वतःच्या हातानं बाहेर आणून ठेवलं.

परतीच्या गाडीत चंद्रा माझ्या खांद्यावर झोपली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. नगर जवळ आल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "मी एका मुलीला वर्गात आणलं आणि एका बाईचं ओझं वाढवलं. दोन्ही खरं आहे. शिकवणाऱ्यानं अर्धंच सांगू नये." त्या माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, ते कळलं नाही.

सोमवारी हजेरीपटावर दहा नावं गेली. आमचा वर्ग चालला. चंद्रा बाईंच्या खोलीत राहिली. पहिले काही दिवस तिनं आपलं ताट वेगळं ठेवलं. मग कधीतरी ते वेगळं राहिनासं झालं. कधीपासून, हे तिलाही सांगता यायचं नाही. गावात कुजबूज झाली. दोघातिघांनी हेडमास्तरांकडे तक्रारही नेली. हेडमास्तरांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "त्या मुलीला तुमच्या घरी ठेवता का? आत्ता पाठवतो." पुन्हा कुणी आलं नाही.

पुढे मॅट्रिकला आमच्या दहाजणांतले सहा पास झाले. चंद्राचं गणित राहिलं, ते तिनं ऑक्टोबरात काढलं आणि डी.एड.ला गेली. मीही पुढे भूगोलच शिकवला. आमच्यानंतर थोड्याच वर्षांत नवा अभ्यासक्रम आला. मॅट्रिक दहावीला आली आणि इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र सगळ्यांनाच सक्तीचं झालं. मी बाईंना आनंदानं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: "आता मुलं गोळा करत फिरायला नको, हे चांगलंच झालं. पण आता ती यावंच लागतं म्हणून येतील. त्यांना यावंसं वाटायला हवं, ते काम आपल्याकडेच राहिलं." मी शिक्षिका झाल्यावर या पत्राचा खरा अर्थ मला कळत गेला.

बाईंनी लग्न केलं नाही. संस्थेनं त्यांना तीन-चार गावं फिरवली. निवृत्तीनंतर त्या नगरला भावाच्या घरी राहिल्या. मी सुट्टीत जायची तेव्हा त्या आधी माझ्या वर्गातल्या मुलांबद्दल विचारत आणि मग माझ्या मुलांबद्दल. शेवटच्या भेटीत मी विचारलं, "बाई, कोल्हारला चंद्राची आई नाही म्हणाली असती तर?"

"तर तिचं बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "मी परत आले असते आणि नऊजणांसाठी भांडले असते."

त्या गेल्याचा निरोप मला उशिरा मिळाला. मी नगरला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाईंचा भाचा अंगणात खुर्च्या लावत होता. त्यानं सांगितलं, सकाळी पाथर्डीकडून एक शिक्षिका आल्या होत्या, बरोबर त्यांची म्हातारी आई. अंत्ययात्रा घरातून निघताना त्या शिक्षिका पुढे झाल्या आणि तिरडीला हात घातला. कुणीतरी म्हणालं, बाया खांदा देत नाहीत. भाच्यानं विचारलं, तुम्ही आत्याच्या कोण?

चंद्रा म्हणाली, "मी त्यांच्या घरची."

तिची आई बाजूलाच उभी होती. तिनं लेकीच्या खांद्यावर पदर दुमडून ठेवला, बांबू रुतू नये म्हणून.