ब्रेकमधली हवा

आचऱ्याला आमच्या घराच्या खळ्यात एक लांबलचक परदेशी गाडी उभी असे. ज्या सारवलेल्या अंगणात भात झोडायचे आणि आमसुले वाळत घालायची, तिथे ती गाडी पहिल्या दिवशी जितकी परकी दिसली तितकीच शेवटपर्यंत दिसत राहिली. तिचा रंग गडद निळा होता, बैठका तांबूस कातड्याच्या होत्या आणि समोर, घड्याळे बसवलेल्या फळीवर, आरशासारखी चकाकणारी लाकडी पट्टी होती. सासूबाई त्या पट्टीवरून हात फिरवून म्हणत, "फणसाचा नाय ह्या. खंयचा लाकूड रे ह्या?" तिच्याविषयी त्यांना पडलेला प्रश्न एवढाच होता. गाडी आपल्या मुलाची आहे, यापलीकडे त्यांना दुसरे काही जाणून घ्यायचे नव्हते.

हा मुलगा म्हणजे माझे धाकटे दीर. मुंबईत एका शेठजींकडे ते बरीच वर्षे ड्रायव्हर होते. शेठजी वारले, त्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आणि जाताना जुनी गाडी त्यांनी भावजींना देऊन टाकली. घरात एवढेच सांगितले गेले होते. नोकरी सुटण्याचे खरे कारण आम्हा पतिपत्नींनाच ठाऊक होते. भावजींचे हात कापू लागले होते. डॉक्टरांनी कंपवात म्हटले होते आणि तो वाढत जाईल असेही सांगितले होते. गाडी गावापर्यंत त्यांच्या एका सोबत्याने चालवत आणली. वेशीपाशी दोघांनी जागा बदलल्या, म्हणून सासूबाईंनी मुलाला चाकामागे बसूनच दारात येताना पाहिले.

हात कापतात हे त्यांच्याही लक्षात आले होते. पण मुंबईचे पाणी आणि खाणावळीचे जेवण यावर त्यांनी ते ढकलून दिले होते. पेज आणि माशाची कढी पोटात गेली की मुलगा पूर्ववत होईल, याची त्यांना खात्री होती. त्यांचे माहेर देवगडच्या पलीकडे, खाडीकाठी. भावजी मुंबईहून येत तेव्हा दर खेपेला सांगत, "आये, एक दिवस तुका गाडयेतसून म्हायेराक व्हरतलंय." इतकी वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या आईला देवदर्शनाला नेले होते. आता गाडी दारात होती. सासूबाई येईल-जाईल त्याला सांगू लागल्या, "गाडी देवगडाक गेली म्हणजे माजो झील बरो झालो समज." मुलगा बरा झाल्याची ही खूण त्यांनी सहज सांगितली असेल, पण त्या दिवसापासून त्या प्रवासावर आमच्या घरातले सगळे तोलले गेले.

लगेच निघता आले नाही, कारण पावसाळा तोंडावर होता. पावसाआधी आमच्याकडे घराला झड बांधतात. माडाच्या विणलेल्या झावळ्यांची भिंतच ती. समुद्रावरून येणारा खारट पाऊस तिच्यामुळे पडवीत शिरत नाही. सासूबाईंनी गड्याला फर्मावले, "घराक झड बांधतास, मगे गाडयेक नको? ती काय दावणीची म्हस आसा?" भावजींनाही ते पटले. खारा वारा पत्रा खातो, हे ते जाणून होते. मग गाडीला चहूबाजूंनी अशी दाट झड बांधली की आतले काहीच दिसेना.

नवरात्राच्या सुमारास ती सोडली, तेव्हा आतून कोंदट, उबट वास आला. बैठकांवर पांढरी बुरशी चढली होती, उंदरांनी इंजिनाजवळ काथ्याचे घर करून तारा कुरतडल्या होत्या, आणि चाके जागच्या जागी आवळली होती. घराला चूल असते. तिच्या धुराने आणि उबेने झडीआडचे घर कोरडे राहते. गाडीला चूल नव्हती, हे आमच्यापैकी कुणालाही सुचले नाही. घरच्या माणसासारखी जपली, आणि तेवढ्यानेच ती बिघडली.

कट्टा गावाहून एक मेस्त्री आला. ट्रक आणि जीप यांवर त्याचा हात बसलेला होता. बॉनेट उघडून तो बराच वेळ पाहत राहिला आणि अखेर म्हणाला, "हेचे पार्ट हय खंय गावतले? झाकून ठेवा." भावजींनी त्याला चहा पाजला आणि पाठवून दिले. मग ते स्वतःच पाना घेऊन बसले. पाना बोल्टवर टेकत होता आणि निसटत होता, पुन्हा टेकत होता. शाळेला दिवाळीची सुट्टी होती. मी पडवीत वह्या तपासत बसले होते आणि तो आवाज मला ऐकवेना. उठून खाली गेले आणि पाना हातात घेतला.

मी हायस्कुलात संस्कृत शिकवीत असे. चारचौघांत बोलायचे म्हटले की मी मागे सरे, आणि यंत्र म्हणून मला शिवणाच्या मशीनपलीकडे काही ठाऊक नव्हते. पण हात स्थिर होते. भावजी सांगत आणि मी करी, असा क्रम सुरू झाला. एकेक प्लग काढून, त्याला तार जोडून, तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा. भावजी किल्ली फिरवीत आणि ठिणगी पडते का ते मी पाहायचे. ठिणगी नाही, तर तिच्या वाटेने मागे मागे जायचे. तार पाहायची, प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डबीची टोपी पाहायची, टोपीखालचे वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट पाहायचे. "जंय दुखता थंयच मोडलेला आसता असा नाय, वयनी," ते म्हणत. "आदी वाट बगायची. ठिणगी खंय पोचना नाय ता बगायचा." पॉइंटांवर पांढरट हिरवा थर साचला होता. पॉलिश पेपरने मी तो घासून काढला, कुरतडलेल्या तारा बदलल्या, आणि कार्बोरेटरची बारीक भोके तांब्याच्या एका तंतूने मोकळी केली.

साडीवर, बाहेरगावी नोकरीला असलेल्या यजमानांचा जुना सदरा चढवून गोणपाटावर पडलेली सून पाहायला शेजारणी कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी येऊन उभ्या राहत.

"मास्तरणी, गाडी संस्कृतात बोलता काय गो?"

"बोलाक लागली तर आमका पण सांग हां. आमी पण येताँव ऐकाक!"

मी लाजेने गाडीखाली आणखी आत सरके. सासूबाई मात्र पडवीतून त्यांना सुनवीत, "तुमचे घोव दारू पियान आंगणात पडतत ते उठनत नाय. माजी सून पडली ती काम करूक पडली."

एका सकाळी किल्ली फिरवताच इंजिन खोकले, थांबले, आणि दुसऱ्या खेपेला लागले. त्याचा आवाज इतका मऊ होता की शेजारच्या आडावरचा रहाट त्याहून मोठ्याने वाजत होता. भावजींनी डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी देवापुढचे कुंकू आणून बॉनेटला लावले आणि त्याच दुपारी माहेरी निरोप धाडला.

ब्रेकचे काम तेवढे राहिले होते. आवळलेली चाके उघडून आतल्या रबरी वाट्या बदलल्या. त्या भावजींच्या सोबत्याने मुंबईहून एस.टी.तून पाठवल्या होत्या. मग ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांमधली हवा काढायची; ती राहिली तर ब्रेक लागत नाही. हे काम एकट्याला येत नाही. आत बसलेल्याने ब्रेक पायाने दाबून धरायचा, बाहेर चाकापाशी बसलेल्याने लहानसा स्क्रू ढिला करायचा, आणि तिथून रबरी नळीवाटे तेल बाटलीत येऊ द्यायचे. तेलाबरोबर बुडबुडे येतात. ते येणे थांबले की हवा संपली. तेल येत असता पाय उचलला, तर बाहेरची हवा पुन्हा आत जाते. म्हणून मी बाहेरून "दाबा" म्हणायचे, स्क्रू आवळून झाल्यावरच "सोडा" म्हणायचे, आणि ते इतक्या मोठ्याने म्हणायचे की भावजींना ऐकू जावे. आयुष्यात मी इतक्या मोठ्याने कुणाला काही सांगितले नव्हते. त्या दिवशी पुष्कळ बुडबुडे आले.

पहिली फेरी देवळापर्यंत घ्यायची आणि मग सासूबाईंना बसवायचे, असे ठरले. भावजी चाकामागे बसले आणि मी शेजारी. खळ्यातून गाडी अगदी अलगद निघाली. चाक धरले की त्यांच्या हातांचा कंप कमी होई, हे मी तेव्हा पाहिले आणि मनात नको तेवढी आशा धरली. देवळाआधी एक उतार आहे. उतारावर वाट वळते आणि वळणाला चिऱ्यांचा गडगा आहे. गडगा जवळ येत गेला, आणखी जवळ आला, आणि मला कळायच्या आत गाडी त्याला टेकून थांबली. वरचा एक चिरा बॉनेटवर घरंगळला. कुणाला काही लागले नाही.

"ब्रेक लागलो नाय," भावजी समोर पाहत म्हणाले.

ते ब्रेक मी बसवले होते. मी उतरून बॉनेटवरचा चिरा उचलला.

घरी आलो तेव्हा सासूबाई नवे लुगडे नेसून पायरीवर उभ्या होत्या. "काय झाला रे?"

"ब्रेकात हवा रवली, आये. परत काढूक व्हयी."

"मगे काढा. म्हायेर काय पळान जाता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात केली. मी "दाबा" म्हटले. नळीत काहीच हलले नाही. पुन्हा म्हणावे का, असे मनात येईतो तेल आले; तेही सलग नव्हते. ते थोडे येई आणि थबके, पुन्हा थोडे येई. ते स्वच्छ, सोनेरी होते आणि त्यात एकही बुडबुडा नव्हता. मी स्क्रू आवळून "सोडा" म्हटले, पुन्हा "दाबा" म्हटले. माझा शब्द आणि तेलाची हालचाल यांत तीच फट पडली. आत बसलेला पाय मला दिसत नव्हता. पण त्याचे सगळे हाल त्या बोटभर रबरी नळीत माझ्या डोळ्यांपुढे चालले होते.

"इली काय हवा?" आतून आवाज आला.

"थोडी आली," मी म्हटले.

पुढच्या चाकापाशी गेले. तिथेही तेच.

"हय पण?"

"थोडीशी."

तिसऱ्या चाकापाशी मी नळी लावली. पण "दाबा" म्हणवेना. भावजी उतरून माझ्या मागे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वयनी, ती बाटली दाखवा माका."

त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून उन्हात वर केली. हात कापत असल्याने तेल हिंदकळत होते. ते स्थिर व्हावे म्हणून त्यांनी बाटली टपावर टेकवली आणि वाकून पाहिले.

"हवा खंय आसा हेच्यात?"

मी नळीचे टोक बोटाने बंद करून धरले.

"कालच माका कळला होता," ते म्हणाले. "पायाक सांगलंय दाब म्हणान. तेना ऐकला, पण मगे ऐकला. ब्रेक बरे आसत, वयनी. तुमी बरे केल्यात."

माझ्या कामाची एवढी स्तुती पुढे कधी कुणी केली नाही, आणि तीही मला नको होती. मी नळी सोडवून पदराने पुसू लागले. ते कातड्याच्या बैठकीच्या कडेवर, पाय बाहेर सोडून, बसून राहिले. मग म्हणाले, "आयेक काय सांगाचा?"

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन खळ्यात उतरल्या. एकदा मुलाच्या चेहऱ्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "झाला काय गो?"

भावजींनी तोंड उघडले. त्यांच्याआधी मी बोलले. माझ्यासारखीला ते कसे जमले, हे मला आजही सांगता येत नाही.

"नाही झालं, आई. वाट्या माझ्याकडून नीट बसल्या नाहीत. ब्रेक बिघडले. आता ते इथे दुरुस्त होणार नाहीत."

"येवडा शिकलंस, आणि येक ब्रेक जमना नाय तुका?"

"नाही जमलं."

कप मुलाच्या हातात न देता त्यांनी शेजारी बैठकीवर ठेवला. "ऱ्हवांदे. तू आदी बरो हो. मगे मुंबयसून मेस्त्री हाडू." त्यांच्या आवाजात माझ्यावरचा राग होता, आणि त्या रागाआड त्यांची आशा सुखरूप होती. भावजी माझ्याकडे पाहत नव्हते.

माहेरी निरोप गेलेला असल्याने जाणे भागच होते. पौषात आम्ही एस.टी.ने गेलो. सासूबाई खिडकीशी, त्यांच्या शेजारी भावजी, आणि मागच्या बाकावर मी. पलीकडच्या बाईला त्या सांगत होत्या, "झील माजो डायवर. मोठी गाडी आसा आमची. तेतसूनच येवचो होतो. पण सुनेन ब्रेक बिघडयलो." त्या बाईने वळून मला न्याहाळले. मी खाली पाहिले.

भावजींनी समोरच्या बाकाची दांडी धरली होती. त्यांचा हात दांडीवर टकटक वाजत होता. सासूबाईंनी त्यावर आपला हात ठेवला आणि तो तिथेच दाबून धरला.

"ही एस.टी. किती हालता रे!" त्या म्हणाल्या. गाडी तेव्हा इंजिन बंद करून थांब्यावर उभी होती.