हलक्याबरोबर एक जड

वाचनालयात त्यांना सगळे 'कॉलरवाल्या मावशी' म्हणतात. जवळच्या गल्लीत त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या जावेचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. झिजलेली कॉलर उसवून, उलटवून, पुन्हा नव्यासारखी बसवून देणं ही मावशींची खासियत. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की त्या पाय स्टुलावर टाकतात आणि खुनाची कादंबरी उघडतात. खून नसला तर प्रेमप्रकरण चालतं. दोन्ही एकत्र असलं तर सोन्याहून पिवळं.

"यातून शिकायला काय मिळतं?" असं जावयांनी एकदा विचारलं होतं.

"काहीच नाही. म्हणून तर वाचते."

मग नवे ग्रंथपाल आले. माणूस कष्टाळू. त्यांनी कपाटं पुसून घेतली, गळकं छत दुरुस्त करून घेतलं आणि भिंतीवर बोर्ड लावला: 'प्रत्येक रंजनपर पुस्तकासोबत एक वैचारिक ग्रंथ नेणे बंधनकारक.' तोंडी ते सोपं करून सांगत. "मावशी, आता हलक्याबरोबर एक जड घ्यायचं."

मावशी कपाटापाशी गेल्या. कलिंगड निवडावं तसे तीन-चार ग्रंथ हातात तोलून पाहिले आणि सगळ्यांत वजनदार उचलला. करवसुलीचा इतिहास.

परत आणला तेव्हा ग्रंथपालांचा चेहरा उजळला. "कसा वाटला?"

"उत्तम. कडा अजिबात उठल्या नाहीत."

"कसल्या कडा?"

"कॉलरीच्या. ताठ राहायला आत बकरम चिकटवून इस्त्री केली की थंड होईपर्यंत वजन ठेवावं लागतं. आधी वीट ठेवायचो."

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. ग्रंथपाल हसले नाहीत. "हा ग्रंथ वाचायला दिला होता."

"बोर्डावर 'नेणे' लिहिलंय. नेला. कापडात गुंडाळून ठेवला होता, डाग असेल तर दाखवा."

डाग नव्हता. पुढच्या खेपेला मात्र बोर्डावर 'नेणे' खोडून 'वाचणे' आलं होतं, आणि जड ग्रंथाबद्दल चार वाक्यं सांगितल्याशिवाय हलकं मिळणार नव्हतं. मावशींची कादंबरी ऐन रंगात होती. तिचा दुसरा भाग ग्रंथपालांच्या मागच्या कपाटात होता.

"ताई, पहिलं पान वाचा आणि द्या ठोकून," जाऊ म्हणाली. "त्यांनी तरी कुठे वाचलंय?"

"खोटं कशाला बोलू? मी काय चोरी करतेय?"

त्या काउंटरवर गेल्या. "जड वाचलं नाही, वाचणार नाही. दुसरा भाग द्या."

"नियमाबाहेर घरी देता येणार नाही."

"आणि इथे बसून?"

ग्रंथपालांनी बोर्डाकडे पाहिलं. वाचनकक्षासाठी तसा नियम नव्हता. त्यांनी पुस्तक काढून दिलं.

परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या मोठ्या टेबलावर मावशींनी जागा पकडली. त्यांना मनात वाचता येतं, मनात हसता येत नाही. नायिकेने खोट्या इन्स्पेक्टरला न्हाणीघरात कोंडलं तेव्हा समोरच्या मुलीच्या हातून पेन्सिल सुटली.

"मावशी, शांतता," ग्रंथपाल म्हणाले.

"हो."

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या संध्याकाळी त्या बसतात न बसतात तोच टेबलाच्या टोकाकडून कुजबुज आली, "सुटला का तो?" त्यांनी सांगितलं. तेही हळू आवाजात त्यांना जमत नाही. सगळं टेबल हसलं आणि ग्रंथपाल येऊन उभे राहिले.

"ही अभ्यासाची जागा आहे, मावशी."

"मला कुठे हौस आहे? पाठ धरते या बाकावर. घरी द्या, तिथे हसेन."

ग्रंथपालांनी टेबलाकडे पाहिलं. एकाचंही डोकं पुस्तकात नव्हतं. ते काउंटरवर गेले आणि कादंबरीवर शिक्का मारला. चार वाक्यं त्यांनी विचारली नाहीत.

मावशींनी कादंबरी पिशवीत टाकली, पण त्या हलल्या नाहीत.

"आता काय?"

"ते करवसुलीचं पण द्या. कॉलरी साचल्यात."