सटवाईच्या कागदावर मी लिहिलेलं

सटवाई लिहायला यायच्या आधीच मी तिच्या कागदावर लिहून ठेवलं होतं. इतकी हुशार होते मी.

मुलगा पाच दिवसांचा होता. माहेरी, वर्तकनगरच्या खोलीत, आईने पाटा-वरवंटा मांडला, दिवा लावला, बाळाचं नशीब लिहायला कोरा कागद आणि पेन ठेवलं. ती नैवेद्य आणायला वळली तेवढ्यात मी ऐटीत लिहिलं : अमेरिका. बी.ए.ला इंग्रजी घेतलेली मुलगी मी, सटवाईला जगाचा नकाशा दाखवायला निघाले होते. सकाळी आईने कागद पाहिला. रागावली नाही. म्हणाली, हे आता खोडता यायचं नाही. मी खुदकन हसले.

यंदा त्याच मुलाची कंपनीतून बदली झाली. कुठे, ते सांगायला नकोच. आणि त्याच महिन्यात त्याला मुलगी झाली. सुनेला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच, ठाण्यातल्या बाळकुमला. बाळ तीन महिन्यांचं झालं की तिघं जाणार. मी राहणार अठराव्या मजल्यावर, खाडीचा वारा खात.

पाचवीची तयारी बघून सून म्हणाली, किती वीअर्ड आहे हे. तिचं सगळंच वीअर्ड असतं : लिफ्टमधले काका, दुधीचा हलवा, माझे व्हॉट्सअ‍ॅपवरचे गुलाब. पण या वेळी मला शब्द टोचला. चष्मा लावून जुना जाडजूड शब्दकोश काढला. विचित्र, अद्भुत, भेसूर हे ठाऊकच होतं. खाली मूळ दिलं होतं. जुन्या इंग्रजीत हा शब्द म्हणजे नशीब. पुढे माणसांचं नशीब ज्यांच्या हाती, त्या बायकांना तो लागला. त्या बायका नाटकांत चेटकिणींसारख्या दिसू लागल्या, तसा शब्दही भेसूर झाला. आणि त्याचं मूळ म्हणे आपल्या संस्कृतातल्या ‘वृत्’शी जुळतं. वळणं, फिरणं. जे फिरून समोर येतं ते.

मानेवर कुणीतरी फुंकर घातल्यासारखं झालं. पंखा बंद होता.

सुनेला वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, म्हणजे मी बरोबरच बोलले की.

संध्याकाळी तिच्या खोलीत पाटा मांडला. तिचं लक्ष बाळाकडे होतं. पेन माझ्या हातात. वाटलं, लिहावं : ठाणे. तेवढं जमत नसेल तर निदान डोंबिवली. टोपण काढलंसुद्धा. मग आईचा तो न रागावलेला चेहरा आठवला. टोपण घट्ट बसवलं, पेन कोऱ्या कागदावर आडवं ठेवलं आणि हॉलमध्ये जाऊन झोपले. रात्रभर उठले नाही. माझ्यासारखीवर कोण विश्वास ठेवणार म्हणा, पण खरंच उठले नाही.

सकाळी मी चहा गाळत होते. सून ओट्यापाशी येऊन उभी राहिली. बाळ खांद्यावर, दुसऱ्या हातात उघडं पेन. हळूच म्हणाली,

“कागद कोराच आहे, आई. पण टोपण हिच्या मुठीत होतं. हिचं अजून लिहायचं राहिलंय. तुमच्या मुलाला सांगा, तिकिटं इतक्यात काढू नकोस म्हणावं.”